रा. रा. अपलोडकर यांस



आपलं खरं नाव लिहीत नाही. लिहिलं तर काकांनी बदनामी केली म्हणाल, आणि तशीही गरज नाही. चोराच्या मनात चांदणं असतंच. पत्र उघड लिहितोय, कारण खाजगीतलं सगळं करून झालं. फोन झाले, व्हॉट्सअॅप झालं, कर्जत स्टेशनवर वडापाव खाऊ घालून समजावून झालं. प्रत्येक वेळी आपलं उत्तर एकच: "माझ्याकडे तर दिसतंय, काका."

दिसत असणारच. त्याबद्दल तक्रार नाही. तुमच्याकडे सगळंच दिसतं. अडचण फक्त तुम्ही सोडून उरलेल्या जगाची आहे.

ज्यांना आपला परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आम्ही कर्जत-खालापूरकडचे काही होमस्टेवाले आणि दोन-तीन भातवाले. कोणी कोंढाण्याच्या अंगाला, कोणी चौकला, मी महडच्या रस्त्याला. दलालांना कमिशन देऊन कंटाळलो, म्हणून वर्गणी काढून स्वतःची साइट केली. मजकूर आम्ही लिहायचा, पानं सर्व्हरवर तुम्ही चढवायची. साइट मोठी नाही आणि रोजचं कामही नाही. कधी दर बदलतात, कधी रस्ता बंद होतो, कधी नवा फोटो येतो. तेवढं एक पान बदलायचं. "एकाच पानाचं काम आहे ना? दोन मिनिटांत टाकतो," हे आपलं आवडतं वाक्य. टाकता मात्र खरंच दोन मिनिटांत. निस्तरायला आम्हाला महिना लागतो.

सुरुवात उल्हास नदीच्या फोटोपासून करू. जुलैमधली, दोन्ही काठ भरून वाहणारी उल्हास. आमच्यातल्या एकाने छत्री सांभाळत काढलेला फोटो. पान चढलं, फोटो चढला नाही. त्याच्या जागी फाटक्या कागदाचं इवलंसं चिन्ह. विचारलं तर माझ्याकडे दिसतंय. माझ्या भाचीने पानाच्या पोटात डोकावून पाहिलं. तिथे फोटोचा पत्ता होता तुमच्या सी ड्राइव्हचा, तुमच्या डेस्कटॉपवरच्या 'न्यू फोल्डर'मधल्या 'न्यू फोल्डर'चा. म्हणजे तुम्ही साइट पाहतच नव्हतात. स्वतःच्या संगणकावरची प्रत उघडून, स्वतःच्याच कपाटातला फोटो पाहून खूश होत होतात. डोंबिवलीत बसून साइट पाहणाऱ्या एखाद्या बाईंच्या मोबाईलकडे आपल्या कपाटाची किल्ली नाही, हे आपल्या ध्यानात आलं नाही.

मग तुम्ही फोटोही चढवलात. तरी दिसेना. पानात लिहिलेलं 'जेपीजी' लहान अक्षरांत, कॅमेऱ्याने फाइलला दिलेलं 'जेपीजी' मोठ्या अक्षरांत. तुमच्या विंडोजला दोन्ही सारखेच. आमचा सर्व्हर लिनक्सवर चालतो. त्याच्या लेखी या दोन वेगळ्या फाइली, आणि त्यातली एक अस्तित्वातच नाही. माझ्याकडे दिसतंय, दुसऱ्यांदा.

हे किरकोळ झालं. आता महड.

आमच्या खालापूर तालुक्यात महडचा वरदविनायक आहे, अष्टविनायकांपैकी एक. त्याच्यावरचं पान मी स्वतः लिहिलं होतं. देवळाजवळचं तळं, माघी गणेश जयंतीची गर्दी, एक्स्प्रेस-वेवरून उतरायचं कुठे, गाडी लावायची कुठे, अंगारकीला पहाटेच का यावं; सगळं तपशीलवार. फाइलचं नाव रोमनमध्ये 'महड'. काही महिन्यांनी आपल्याला उत्साह आला. जिल्ह्याची आणखी माहिती असावी म्हणून न विचारता, फुकटात, दक्षिण रायगडातल्या महाड शहराचं पान केलंत. उत्तम विषय. २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह जिथे झाला ते महाड. त्याच्यावर पान असावंच. पण रोमनमध्ये महड आणि महाड या दोघांचं स्पेलिंग एकच होतं, अपलोडकर! तुमच्या नव्या फाइलने माझ्या जुन्या फाइलवर बसकण मारली, आणि 'वरदविनायकाच्या दर्शनाला चला' या आमच्या पहिल्या पानावरच्या बटणाखाली महाड शहर येऊन बसलं.

त्या रविवारी ठाण्याच्या एका कुटुंबाचा फोन आला. आजी-आजोबा, सुना, नातवंडं, मोदकांचा डबा. "काका, आम्ही चवदार तळ्यापाशी उभे आहोत. गणपतीचं देऊळ कुठे?" मी म्हटलं, शंभराहून जास्त किलोमीटर मागे. पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. आजोबांनी मात्र नंतर कळवलं की तळं बघायचं वर्षानुवर्षं राहून गेलं होतं, तेवढं झालं. सभ्य माणूस. सगळे तसे नसतात.

आणि कर्जत. कर्जतही महाराष्ट्रात दोन आहेत, हे आपल्याला माहीत असायलाच हवं होतं. दोन्हीकडची गिऱ्हाइकं आपल्याच पदरी आहेत. एक आमचं, बोरघाटाच्या पायथ्याचं. दुसरं अहिल्यानगर जिल्ह्यातलं, जिथे पाऊस आमच्या मानाने शिंतोडेच म्हणायचे. देवाची गंमत अशी की अष्टविनायकांतलं सिद्धटेक त्या दुसऱ्या कर्जत तालुक्यात येतं. म्हणजे अष्टविनायक करणाऱ्या माणसाच्या कागदावर कर्जतही असतं आणि महडही असतं, आणि ती दोन्ही ठिकाणं एकमेकांच्या शेजारी आहेत, या गैरसमजाला निसर्गाने आधीच पुरेसा वाव दिलेला आहे. त्यात आपण हात धुऊन घेतलेत. दोन सर्व्हर दोन खिडक्यांत उघडे ठेवून तिकडच्या गिऱ्हाइकाचं 'कर्जत' आमच्या सर्व्हरवर सोडलंत. भर पावसाळ्यात, आमच्याकडे ओढे रस्त्यावर आलेले असताना, आमचं पान पर्यटकांना सांगत होतं की परिसर कोरडा आहे, सोबत पाणी बाळगा.

तुमची बाजू समजून घ्यावी म्हणून मी थोडं वाचन केलं. ज्या एफटीपीने आपण पानं चढवता त्याचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचा विद्यार्थी, तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होता. म्हणजे ही विद्या परकी नाही, आपल्याच माणसाची आहे. पुढे ऑक्टोबर १९८५ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी तिचे नियम नव्याने बांधून दिले. त्यात फाइल चढवण्याची आज्ञा आहे 'स्टोर'. नियम स्पष्ट आहे: त्या नावाची फाइल तिथे आधीपासून असेल तर नव्या मजकुराने जुन्याची जागा घ्यावी. सर्व्हर का-कू करत नाही, जुनं कुठे बाजूला ठेवत नाही. त्याच नियमांत त्याची एक सख्खी बहीणही आहे, 'स्टोयू' नावाची. ती फाइलला तिथे दुसऱ्या कोणाचंच नसलेलं नाव देते. चाळीस वर्षं बिचारी कोपऱ्यात उभी आहे, कोणी विचारत नाही.

म्हणजे सर्व्हरने विचारलं नाही, हे तुमचं म्हणणं मान्य. पण तुमच्या संगणकावरच्या फाइलझिलाने तर विचारलं होतं ना? अशा वेळी तो खिडकी उघडतो. जुन्या फाइलचा आकार आणि तारीख, नव्या फाइलचा आकार आणि तारीख, दोन्ही समोरासमोर मांडतो आणि विचारतो: वर लिहू, नवी असेल तरच लिहू, नाव बदलू, की सोडून देऊ? सरकारी कचेरीतही इतक्या अदबीने कोणी विचारत नाही. आपण काय केलंत, तर एकदाच 'वर लिही' म्हणालात आणि खालच्या 'यापुढे नेहमी असंच कर' या चौकोनात टिचकी मारलीत. त्यानंतर त्याने तोंड मिटलं ते मिटलंच.

भाताची गोष्ट तर मी पाहुण्यांना जेवताना सांगतो. कर्जतला प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. त्यांनी काढलेली भाताची वाणं गावाच्या नावाने ओळखली जातात: कर्जत-२, कर्जत-३, कर्जत-७, कर्जत-१८४. आमच्या भातवाल्यांनी प्रत्येक वाणाचं वेगळं पान केलं होतं. हळवं कोणतं, गरवं कोणतं, भाकरीला कोणाचं पीठ बरं, यंदा किती पोती शिल्लक. फाइलींची नावंही तीच. एके दिवशी आपण सर्व्हरची साफसफाई काढलीत आणि कर्जत-२, कर्जत-३, कर्जत-७ उडवून टाकलीत. का? "काका, जुनी व्हर्जन्स होती. लेटेस्ट १८४ ठेवलंय."

एकशे चौऱ्याऐंशी! म्हणजे आम्ही कर्जतवर एकाच पानाच्या १८४ आवृत्त्या काढल्या असतील, यावर आपला विश्वास बसला. आमच्या कष्टाळूपणाबद्दलचं एवढं उच्च मत आजवर कोणी दिलेलं नाही. ज्या शेतकऱ्याने कर्जत-३ च्या पानाचा दुवा आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवून ठेवला होता, त्याच्या पदरी मात्र त्या हंगामात ४०४ हा आकडा आला. काही जणांनी तेही नवं वाण असेल म्हणून चौकशी केली. वेब ज्यांनी निर्माण केलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावून ठेवलंय की एकदा दिलेला पत्ता बदलू नये. त्यांचं आपण ऐकावं अशी अपेक्षा नाही. आमच्या भातवाल्याचं ऐकायला हवं होतं, कारण बिलात त्याचा वाटा आहे.

दरांच्या पानावर येऊ. ते आपण कुठल्या तरी जुन्या एडिटरमध्ये उघडून परत चढवलंत, आणि मजकूर युनिकोडमध्ये आहे हे ब्राउझरला सांगणारी वरची ओळ त्यात गळून पडली. परिणाम प्रेक्षणीय होता. 'पिठलं-भाकरी'च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन 'ए'ची पलटण उभी, आणि प्रत्येकाच्या मागे एक चलनाचं चिन्ह. भाचीने यामागचा हिशेब समजावून दिला. देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन-तीन तुकड्यांत साठवलेलं असतं. ब्राउझरने ते तुकडे सुटे सुटे वाचले की साध्या व्यंजनाच्या दुसऱ्या तुकड्याचं एक अनोळखी चलनचिन्ह होतं, आणि दीर्घ वेलांटी, मात्रा, जोडाक्षराचा हलन्त किंवा मराठी आकडा आला की तिथे थेट जपानी येन उमटतो. मराठी आकडा! आमचे सगळे दर मराठी आकड्यांत होते. आठवडाभर खालापूर तालुक्यातलं एक होमस्टे येनमध्ये दर लावून बसलं होतं. फोन केल्यावर आपण म्हणालात, "कॅशे क्लिअर करा." मी केला. शेजाऱ्याने केला. नवा मोबाईल विकत घेतलेल्या पाहुण्याने केला, ज्याच्याकडे साफ करायला कॅशेच नव्हता. येन हलला नाही.

वीज हा आपला दुसरा हुकमी एक्का. पावसात आमच्याकडे वीज जाते, हे काही गुपित नाही. पान चढत असताना वीज गेली आणि सर्व्हरवर अर्धंच पोचलं. 'आमच्याकडे येण्यापूर्वी कृपया' इथपर्यंत. कृपया काय, ते दोन दिवस कळलं नाही. आता यातही आपला दोष नाही असं आपण धरून चालता. पण वाहत्या, लोक वाचत असलेल्या पानावर थेट लिहिता कशाला? नवं पान आधी दुसऱ्याच नावाने चढवावं. ते पूर्ण पोचलं का, मोबाईलवर उघडून पाहावं. तेही घरच्या वायफायवरून नाही, बाहेरच्या डेटावरून. मगच त्याला खरं नाव द्यावं. त्याच सर्व्हरवर नाव बदलायला डोळ्याचं पातंही लवावं लागत नाही. वाचणाऱ्याला एक तर जुनं पान पूर्ण दिसतं, नाही तर नवं पूर्ण. हे मला साठी उलटल्यावर भाचीकडून कळलं. आपण व्यवसायात आहात.

आता दोन गोष्टी लिहितो त्यांत चेष्टा नाही.

आमच्या दोन्ही तालुक्यांत जवळजवळ दर पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांवर जायला बंदीचे आदेश निघतात. पूर्वी कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. लोक तरी जातात, ते वेगळं. पण आम्ही त्यांना सांगत होतो, जा. बंदीची सूचना आम्ही तुम्हाला त्याच दिवशी पाठवली होती आणि तुम्ही त्याच दिवशी ती चढवलीतही. फक्त तिचा दुवा कुठल्याच पानावर दिला नाहीत. सर्व्हरवर ते पान होतं, पण त्याच्यापर्यंत जायला वाट नव्हती. पहिल्या पानावर मात्र 'धबधब्याखाली भिजा' हे मोठं चित्र तसंच झळकत राहिलं, कारण सांगितलेलं एक पान बदललं आणि बाकीची आपल्या कामात बसत नव्हती.

दुसरी इर्शाळगडाची. गडाच्या ट्रेकचं पान आम्ही फार पूर्वी केलं होतं. त्यात एक ओळ होती: वाटेत इर्शाळवाडीत चहा-जेवणाची सोय होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली आणि वाडी गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं मिळालीच नाहीत, २३ जुलैला शोध थांबवला. आम्ही त्याच आठवड्यात तुम्हाला सांगितलं, ते पान काढून टाका. "काढलं," म्हणालात. मेनूतून काढलंत. फाइल सर्व्हरवर तशीच राहिली, आणि गुगलला मेनूशी काही देणंघेणं नसतं. पुढच्या हिवाळ्यात पुण्याच्या एका मुलीने फोन करून विचारलं, वाडीत चौघांच्या जेवणाचं आधी सांगावं लागतं का? तिला मी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात की तुमच्याकडे तर ते पान दिसत नाही.

असो. हिशेबाचं बोलू.

वार्षिक देखभालीच्या बिलात 'बॅकअप' अशी एक ओळ आहे आणि तिच्यापुढे रक्कम आहे. महडचं पान परत हवं म्हणून बॅकअप मागितला तेव्हा आपण सर्व्हरवरूनच फाइल उतरवून पाठवलीत. चवदार तळ्याची. जे वर लिहिलं तेच परत दिलंत, याला बॅकअप म्हणत असतील तर आरशालाही कॅमेरा म्हणायला हरकत नाही. ती रक्कम वजा करून बाकीचे पैसे पाठवले आहेत.

यापुढचं काम भाची बघेल. ती रोज रात्री सगळ्या साइटची तारीख घातलेली एक प्रत काढून ठेवते, आणि महड-महाडच्या फाइलींची नावं बदलून तिने एकात खालापूर घातलंय, दुसऱ्यात दक्षिण रायगड. आपल्याकडून तिला तीन गोष्टी हव्यात. एक, सर्व्हरचा पासवर्ड, जो आपण आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कधीच टाकून ठेवलात म्हणून तसा तो सगळ्यांकडेच आहे. साध्या एफटीपीवरून तो उघडाच जातो. क्रोम आणि फायरफॉक्सनेही २०२१ मध्ये एफटीपीची संगत सोडली. दोन, डोमेन ज्या ईमेलवर नोंदलंय त्याचा ताबा, कारण ते आपल्या मेहुण्याच्या नावावर निघालं. तीन, आपल्या त्या 'न्यू फोल्डर'मधल्या 'न्यू फोल्डर'ची प्रत. आमची हरवलेली पानं जगात कुठे शिल्लक असलीच तर ती तिथेच असतील.

पेनड्राइव्ह घेऊन प्रत्यक्ष या. ईमेलवर पाठवू नका, अटॅचमेंट विसराल. कर्जतहून खोपोलीची लोकल धरा, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली. गाडी चुकवू नका, पुढची लवकर नसते. स्टेशनबाहेरून रिक्षा मिळते. घर महडच्या रस्त्यालाच आहे. रिक्षावाल्याला विचारा, पण येण्याचा रस्ता आमच्या साइटवर पाहू नका. ते पान भाचीने अजून दुरुस्त केलेलं नाही.

आपला,
एक वर्गणीदार